कोऱ्या वहीचं काय करायचं?

नाशिकच्या पाथर्डी फाट्याहून एका आईचं पत्र आलंय. बरंच मोठं आहे, म्हणून कामापुरतं इथे देते.

"ताई, माझा मुलगा नोव्हेंबरात तीन वर्षांचा झाला. जूनपासून घराजवळच्या बालवाडीत नर्सरीला जातो, सकाळी तीन तास. फेब्रुवारी उजाडला तरी त्याची वही कोरीच. कपडे मात्र रोज मातीचे. बाईंना विचारलं तर म्हणतात, एक दिवस येऊन बसा आणि बघा. मला नोकरीमुळे जमलं नाही. आमच्याच मजल्यावरची एक मुलगी दुसऱ्या शाळेत नर्सरीला आहे. जानेवारीत तिचा चौथा वाढदिवस झाला. ती ए टू झेड लिहिते, पन्नासपर्यंत आकडे म्हणते. हा घरी आला की दुकान-दुकान खेळतो, आजोबांना भाजी विकतो. सासरे नोटा छापायच्या सरकारी प्रेसमधून रिटायर झालेत. ते म्हणतात, वर्षाचे पैसे मातीत गेले. मागच्या आठवड्यात ज्युनिअरच्या प्रवेशासाठी एका मोठ्या शाळेत गेलो. तिथल्या मॅडमनी इंग्लिशमध्ये नाव विचारलं, तर हा टेबलाखाली जाऊन बसला. मला रडूच आलं. घरी इंग्लिशच बोलत जा, असं त्यांनी सांगितलं. सासूबाई सटाण्याकडच्या, त्या अहिराणीच बोलतात. आता ट्यूशन लावू का? आणि खरं सांगा, या एका वर्षात मुलं शिकतात तरी काय?"

तुला 'तू' म्हटलं तर चालेल ना? माझी धाकटी तुझ्याच वयाची असेल. ट्यूशन लावू नकोस. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचशील.

पहिल्यांदा त्या शेजारच्या मुलीचा वाढदिवस बघ. आपल्या राज्यात प्रवेशाचं वय 31 डिसेंबरला मोजतात. त्यामुळे जानेवारीत जन्मलेलं आणि नोव्हेंबरात जन्मलेलं मूल एकाच वर्गात बसतं. ती तुझ्या मुलाहून दहा महिन्यांनी मोठी आहे. तुझ्या-माझ्या वयाला दहा महिने इकडेतिकडे झाले तर कुणाला कळतही नाही. तुझा मुलगा आज एकोणचाळीस महिन्यांचा आहे. दहा महिने म्हणजे त्याच्या आजवरच्या आयुष्याचा पाव हिस्सा झाला. त्या पाव हिश्श्याची बरोबरी तो उद्या सकाळपर्यंत कशी करणार?

आता त्याचा हात हातात घे आणि मनगट चाचपून बघ. किती मऊ लागतं! आपल्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः ती नुसती कूर्चा, म्हणजे हाड व्हायच्या आधीचा मऊ भाग असते, एक्स-रेत दिसतसुद्धा नाही. तीन वर्षांच्या सुमाराला त्यांतली दोन-तीन दिसू लागतात, पहिली-दुसरीपर्यंत सातेक होतात, आणि आठवं, जे अगदी मटाराच्या दाण्याएवढं असतं, ते दिसायला नऊ-दहा वर्षंही लागतात. मुलाच्या हाडांचं वय काढायला डॉक्टर हाताचाच एक्स-रे काढायला सांगतात तो यामुळे. अशा मनगटाकडून आपण चार रेघी वहीत ओळ सोडून न जाणारं अक्षर मागतो.

आणि रेघांनाही त्यांचा क्रम असतो. तीन वर्षांचं मूल बघून बघून गोल काढतं. चारच्या आसपास अधिकचं चिन्ह जमतं, साडेचारला चौकोन, आणि त्रिकोण पाचच्या सुमाराला, कारण तिरपी रेघ सगळ्यांत उशिरा हाती येते. इंग्लिशचं पहिलंच अक्षर बघ, दोन तिरप्या रेघा आणि मध्ये एक आडवी. आपला झ आणि क्ष तर सोडूनच दे. शेजारची मुलगी लिहिते तर लिहू दे, काही मुलांचा हात लवकर बसतो. तिचं कौतुक कर. पण तुझ्या मुलाने गोल काढला असेल आणि त्याला दोन डोळे, दोन काड्यांचे पाय लावून 'हे आजोबा' म्हटलं असेल, तर त्याचं सगळं वेळेवर चाललंय.

बालवाडीत माती कशाला, याचं उत्तर तुझ्या दारातच आहे. सासूबाई रांगोळी घालतात का? घालत असतील तर त्यांची चिमूट नीट बघ. अंगठा, तर्जनी आणि मध्यमा. पेन्सिल याच तीन बोटांत धरायची असते. मातीचे गोळे वळणं, कागद फाडून चिकटवणं, मणी ओवणं ही त्या तीन बोटांची तालीम आहे. घरी वेगळं साहित्य आणायला जाऊ नकोस. सध्या मटार आहे, ओला हरभरा आहे, त्याला घाटे सोलायला बसव. निम्मे तो खाईल, खाऊ दे. वाळलेल्या कपड्यांचे चिमटे काढायला लाव. द्राक्षांचे दिवस आहेत, घडातून एकेक मणी तोडून वाडग्यात टाकू दे. (मात्र खायला देताना प्रत्येक मणी उभा चिरून चार फोडी करून दे. पाच वर्षांखालच्या मुलाच्या घशात अख्खं द्राक्ष अडकलं तर श्वास बंद होतो. द्राक्षांच्या गावात राहून ही गोष्ट फार कमी जणांना माहीत असते.)

मीही एके काळी उलट वागलेय, म्हणून इतकं जोरात बोलते. पंचवटीत पहिली नोकरी लागली तेव्हा तीन-साडेतीनच्या मुलांना मी पाटीवर उभ्या रेघा काढायला लावायचे. पाटी भरली की पुसायची, पुन्हा काढायची. पालक खूश, मीही खूश. मग रोज सकाळी डब्यातल्या पेन्सिली मोडलेल्या दिसू लागल्या. पाच-सहा तुकडे झालेले. कोण करतं ते बघायला एकदा लवकर येऊन दाराआड उभी राहिले. वर्गातला सगळ्यांत शहाणा, कधी उलट न बोलणारा मुलगा पेन्सिली एकेक करून मोडत होता, अगदी शांतपणे. रेघा थांबवायचा त्याला एवढाच मार्ग सापडला होता. रागवायला म्हणून पुढे झाले आणि शब्दच फुटेना.

आता आकड्यांचं. पन्नासपर्यंत म्हणणं आणि मोजणं ही दोन वेगळी कामं आहेत. तीन वर्षांच्या तोंडी पन्नास आकडे म्हणजे एक लांब बडबडगीत. मोजणं म्हणजे एका वस्तूला एकच आकडा देणं, एकही वस्तू न सोडणं, कुठलीही दोनदा न धरणं, आणि शेवटी उच्चारलेला आकडा हाच सगळ्यांचा मिळून आकडा आहे हे कळणं. शेवटची पायरी सर्वांत अवघड. एखादं मूल पाच चमचे 'एक, दोन, तीन, चार, पाच' असं बरोबर मोजतं, आणि 'मग किती आहेत?' विचारलं की पुन्हा एकपासून सुरू करतं. हे चुकत नाहीये, अजून त्या पायरीवर पोचलेलं नाही एवढंच. सासऱ्यांना सांग, नातवाला म्हणावं, 'मला तीन वाट्या आणून दे.' तीनच आणल्या तर पाठ थोपटा. मूठभर आणल्या तर दोघांनी मिळून मोजा. प्रेसमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला मोजणीतल्या चुकीची किंमत मी काय सांगणार! हे काम त्यांच्याकडेच सोपव. वर्षाच्या पैशांचा विषय आठवडाभर निघणार नाही.

(मराठी आकडे मुळातच तिरपे. एकोणतीस म्हणजे तीसला एक कमी, हे तीन वर्षांच्या डोक्याने कुठून ओळखावं? 2019 मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. माझं मत विचारशील तर पुस्तकाचं म्हणणं निदान ऐकून घ्यायला हवं होतं.)

तुझ्या पत्रातलं मला सर्वांत आवडलेलं वाक्य तू घाईत लिहून गेलीस. तो आजोबांना भाजी विकतो. काय विकतो गं? खडे विकत असेल, लसूण म्हणून. फाटक्या कागदाच्या नोटा असतील, आणि आजोबांनी भाव केला तर 'परवडत नाही' म्हणत असेल. खडा हातात आहे, तो खडा आहे हे त्याला पक्कं माहीत आहे, तरीही तो लसूण आहे असं धरून तो चालतो, आणि खेळ संपेपर्यंत ते विसरत नाही. उद्या याच डोक्याला आपण सांगणार आहोत की ही वाकडी रेघ म्हणजे 'क' असं धरून चाल. ज्याला खड्याचा लसूण करता येतो त्याला रेघेचा 'क' करायला वेळ लागत नाही. ज्याला भातुकली कधी खेळूच दिली नाही, त्याच्याकडून अक्षर गिरवून घेता येतं, पण त्या अक्षरात आवाज दडलाय हे त्याला उशिरा उमगू शकतं. बुधवारी सुट्टी मिळाली तर त्याला गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या बाजारात ने. तराजू, माप, घासाघीस, सुट्टे पैसे, सगळं बघू दे. पुढचे पंधरा दिवस घरातल्या दुकानात नवा माल दिसेल.

आणखी एक गोष्ट या वर्षात घडते, तिला आपल्याकडे धड नावच नाही. मी तिला डोक्यातला ब्रेक म्हणते. 'चिमणी उड' खेळलीयस ना? सगळ्यांची बोटं जमिनीवर. चिमणी उड, बोट वर. कावळा उड, बोट वर. आणि मग वेगात 'म्हैस उड!' बोट उठायला निघालेलं असतं आणि आतून कुणीतरी म्हणतं, थांब. तीन वर्षांचं मूल म्हैस हमखास उडवतं आणि खदखदून हसतं. तेच मूल सहा महिने खेळलं की बोट अर्ध्यात अडवतं. तो अर्ध्यात अडलेला हात हे मोठं शिक्षण आहे. पुतळा म्हटलं की जागच्या जागी उभं राहणं, घसरगुंडीवर आपली पाळी येईपर्यंत कळ काढणं, दुसऱ्याच्या हातातला डंपर न ओढता 'मला दे ना' म्हणणं, गोष्ट संपेपर्यंत बसणं, हा सगळा त्याच ब्रेकचा वापर. घरात एकुलतं एक मूल असेल तर ही तालीम घरी होत नाही. त्याला समोर त्याच्याएवढीच, तितकीच हट्टी दहा-पंधरा मुलं लागतात. बालवाडीची फी खरं तर या हट्टी पोरांच्या सहवासाची असते.

ज्युनिअरला शिकवणाऱ्या बायका माझ्या ओळखीच्या आहेत. जूनमध्ये त्यांना काय हवं असतं विचारलंस तर एकही बाई ए टू झेड म्हणणार नाही. शू लागली की सांगावं, चड्डी स्वतः खाली-वर करावी, नाक पुसावं, हात धुवावेत, डबा उघडून खावा, आई गेल्यावर दहा मिनिटांत रडणं थांबावं, आणि 'वही काढा, दप्तर मागे ठेवा' अशी जोडसूचना ऐकून दोन्ही गोष्टी कराव्यात. अक्षरं शिकवणं हे तर त्यांचं कामच आहे.

भाषेबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. घरी इंग्लिशच बोला, हा सल्ला मनावर घेऊ नकोस. तुला येतं तेवढं मोडकं इंग्लिश घरभर पसरून मुलाला मिळणार काय? 'कम', 'सिट', 'ईट फास्ट'. त्या बदल्यात जाणार काय? आजीच्या गोष्टी, तिचं कुरकुरणं, भावकीतली भांडणं, 'काय करी राहिना रे?' या एका प्रश्नाला त्याने दिलेली लांबलचक उत्तरं. तीन ते चार वर्षं या काळात मूल 'का?' विचारू लागतं, काल आणि उद्या यांत फरक करू लागतं, 'पाऊस आला म्हणून मी पळालो' असं कारण जोडून बोलू लागतं. हे जोडणं ज्या भाषेत भरपूर कानावर पडतं त्याच भाषेत पक्कं होतं, आणि एकदा झालं की दुसऱ्या भाषेत नेता येतं. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवावं असंच लिहिलंय. तुझ्या घरात मराठी आहे, अहिराणी आहे, शाळेत इंग्लिश येईल. तीन भाषा झाल्या, मुलं त्या सहज पेलतात. रात्री दिवे मालवल्यावर टाळ्यांचा खेळ खेळा: कां-दा, दोन टाळ्या. ब-टा-टा, तीन. शब्द कापता येतो हे कानाला कळणं ही वाचनाची पहिली पायरी आहे, आणि ती काळोखातही चढता येते.

टेबलाखाली बसल्याबद्दल तू रडलीस. मला तर तो शहाणाच वाटला. अनोळखी खोली, अनोळखी बाई, न कळणारी भाषा आणि आईचा ताणलेला चेहरा. त्याने आडोसा शोधला. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या तेराव्या कलमात प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी घ्यायला मनाई आहे, पहिल्या वेळी पंचवीस हजारांपर्यंत दंड आहे. हा कायदा मुळात 6 ते 14 वयाचा, त्यामुळे खालच्या वर्गांना तो किती लागू यावर वाद होतात. पण कायद्याचं राहू दे. तीन वर्षांच्या मुलाची पाच मिनिटांत पारख करणारी शाळा तुला हवी आहे का, हे नवऱ्याशी बोलून बघ.

आता तुझ्या बालवाडीकडे वळू. मी तिची तरफदारी आंधळेपणाने करणार नाही. नुसतं पोरांना कोंडून ठेवणारी, खेळाच्या नावाखाली टीव्ही लावून देणारीही ठिकाणं मी पाहिली आहेत. बाई 'येऊन बसा' म्हणतात हे चांगलं लक्षण आहे, ज्यांना लपवायचं असतं त्या फाटकातूनच निरोप देतात. अर्ध्या दिवसाची रजा टाक आणि जा. भिंतीवरची चित्रं बघू नकोस, ती बहुतेक बाईंनीच रंगवलेली असतात. सामान मुलांच्या हाताला येईल इतक्या उंचीवर आहे का ते बघ. बाई किती वेळा गुडघ्यावर बसून बोलतात ते मोज. एखादा मुलगा रडला तर त्याला गप्प करतात की त्याच्याशी बोलतात, ते ऐक. चित्र दाखवून 'हे काय?' एवढंच विचारतात, की 'आता हा ससा काय करेल?' असंही विचारतात? संडास बघून ये. आणि मुलं बोलतायत का ते ऐक. तीन तास चिडीचूप असलेला नर्सरीचा वर्ग दिसला तर मला लगेच कळव.

सासऱ्यांच्या 'मातीत गेले'वर वाद घालू नकोस, त्यांना एक गोष्ट सांग. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला, आणि 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या. साहित्याला पैसे नव्हते, म्हणून दगड, बिया, पानं, शिंपले हेच साहित्य. शाळेत मुलं येईनात तर त्यांनी शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द त्यातूनच आला. सरकारने 1975 च्या गांधी जयंतीला एकात्मिक बालविकास योजना सुरू केली तेव्हा गावोगावच्या केंद्रांना तेच नाव मिळालं. आणि 2023 मध्ये एनसीईआरटीने, म्हणजे शाळेची पुस्तकं काढणाऱ्या केंद्राच्या संस्थेने, तीन ते आठ वयाच्या मुलांसाठी 'जादुई पिटारा' नावाचा साहित्याचा संच काढला, त्यातही खेळणी, कोडी, बाहुल्या आहेत. म्हणजे माती खेळवणारी तुझी बाई एकटी पडलेली नाही.

काही गोष्टींकडे मात्र कानाडोळा करू नकोस. मागून हाक मारली तर वळत नसेल, तीन-चार शब्दांचं वाक्य करत नसेल, बाहेरच्या माणसाला त्याचं निम्मंही बोलणं कळत नसेल, नजर देत नसेल, किंवा आधी येणारे शब्द गेले असतील, तर 'वडीलही उशिरा बोलले होते' म्हणत थांबायचं नाही. आधी कान तपासायचे. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये जाऊन राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची चौकशी कर, लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणी वेळेत ओळखण्यासाठीच तो 2013 पासून चालू आहे. भाव करणाऱ्या तुझ्या दुकानदाराकडे बघून मला काळजी वाटत नाही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणा आईला उपयोगी पडेल.

आणि झोप. नवरा अंबडच्या कारखान्यात सेकंड शिफ्टला असेल तर घर रात्री बारापर्यंत जागं राहतं, मला ठाऊक आहे. तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून दहा ते तेरा तास झोप आणि स्क्रीन फार तर एक तास, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलंय. अर्धवट झोपेतून उठवून नेलेलं मूल कुठल्याच शाळेत काही शिकत नाही. बाबा सकाळी भेटतील.

कोऱ्या वहीचं विचारलंयस. ती त्याला दुकानाची चोपडी म्हणून देऊन टाक. उधारी लिहील.

आणि जूनसाठी डबा घ्यायला मेनरोडला जाशील तेव्हा त्याला बरोबर ने. दुकानातच त्याला झाकण उघडायला आणि परत लावायला सांग. दुकानदार वैतागेल, वैतागू दे. ज्याचं झाकण त्याला एकट्याला उघडता येतं तोच डबा घे, मग त्यावर मोटारीचं चित्र असो नाहीतर नसो.